वॉर्डाच्या प्रचारात मीडियाचं काम अंगावर आलंय? कुठून सुरुवात करायची ते सांगतो

निवडणूक लागली की प्रचार कार्यालयात दोन प्रकारची नवीन पोरं-पोरी येतात. एकाला "तुला मोबाइलमधलं कळतं ना, मग सोशल मीडिया तू बघ" म्हणून खुर्चीत बसवलेलं असतं आणि दुसरीने जर्नालिझमचा कोर्स केलेला असतो म्हणून "प्रेसनोट तू काढ" असं फर्मान सुटलेलं असतं. दोघांनाही पहिल्या दिवशी वाटतं की आपलं काम म्हणजे पोस्ट टाकायची, बातमी लावायची, संध्याकाळी लाइक मोजायचे. दोन दिवसात कळतं की भाऊंना बावीस मुद्दे बोलायचेत, रिक्षावाला भोंग्यासाठी मजकूर मागतोय, पेपरवाल्याला चारच्या आत फोटो पाहिजे, आणि समोरच्या पार्टीचा कुणीतरी व्हॉट्सॲपवर काहीतरी भलतंच सोडून गेलाय.

मी नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा परिषद या लेव्हलचं धरून लिहितोय. विधानसभा-लोकसभेला पैसा आणि माणसं जास्त असतात, कामाची रीत फारशी बदलत नाही. पक्ष तुमचा कुठलाही असू दे.

पायरी १. आधी मतदार यादी, मग मोबाइल

पहिल्या दिवशी फेसबुक पेज उघडू नका, मतदार यादी उघडा. यादीचे भाग असतात, भागात गल्ल्या, सोसायट्या, वस्त्या असतात. बूथप्रमुखाला शेजारी बसवून प्रत्येक भागासमोर लिहून काढा की इथे माणूस बातमी कुठून ऐकतो. चाळीत ती नळावर आणि मंडळाच्या कट्ट्यावर कळते, नव्या टॉवरमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, बाजारपेठेत दुकानात येणाऱ्या पेपरमधून, आणि जिथली माणसं सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये चढतात आणि रात्री नऊला उतरतात तिथे दिवसभर फिरणाऱ्या रिक्षाचा काडीचाही उपयोग नाही. ही यादी हाताने केलेली असली तरी चालेल, एका वहीत मावते, पण पुढचं सगळं हिच्यावर चालतं.

आणखी एक गोष्ट आत्ताच बघून ठेवा, प्रभाग एकसदस्यीय आहे का बहुसदस्यीय. मुंबईत २२७ वॉर्ड आणि प्रत्येकात एकच नगरसेवक, त्यामुळे एक चेहरा एक चिन्ह, विषय संपला. बाकी महानगरपालिकांत साधारण चार जणांचं पॅनल असतं, मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात. तिथे "मत आम्हालाच का" एवढं सांगून भागत नाही, "चार वेळा बटण कसं दाबायचं" हेही तुम्हालाच सांगावं लागतं, आणि हे काम पोस्टरने होत नाही, पुठ्ठ्याचं डमी मशीन घेऊन घरात जाऊन दाखवावं लागतं. नवीन टीम नेमकं हेच शेवटच्या तीन दिवसांवर ढकलते.

पायरी २. एक वाक्य ठरवा आणि त्यासाठी भांडा

उमेदवाराला सगळं बोलायचं असतं. रस्ते, गटार, उद्यान, अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिक कट्टा, सीसीटीव्ही, सगळं. ते जाहीरनाम्यात छापू द्या, पण प्रचाराचं वाक्य एकच ठेवा. समजा तुमच्या प्रभागात पाणी चार दिवसांआड येतं आणि नक्की कधी येणार ते कुणी सांगत नाही, बायका पहाटे चारला उठून वाट बघतात. मग वाक्य असं होईल: "पाण्याची वेळ ठरवू आणि ती वेळ पाळू."

"चोवीस तास पाणी देऊ" असं लिहायचा मोह होतो. नका लिहू. चार दिवसांआड पाणी भरणाऱ्या बाईला ते खोटं वाटतं आणि ती पुढचं काहीच ऐकत नाही.

हे वाक्य घेऊन मग प्रत्येक वाटेने जायचं. प्रत्येक वाटेला ते वेगळं कापून शिवावं लागतं, सभेतलं भाषण उचलून व्हॉट्सॲपला टाकलं किंवा फ्लेक्सवरचा मजकूर प्रेसनोटमध्ये चिकटवला की दोन्हीकडे वाया जातं.

पायरी ३. पायाने जाणारी माध्यमं

घरोघरी जाणं हेच सगळ्यात ताकदीचं माध्यम आहे आणि मीडिया टीम त्याला आपलं समजत नाही, ही आपल्याकडची मोठी गंमत आहे. दारात उमेदवार एक-दीड मिनिट असतो. त्यात हार, ओवाळणं, पाया पडणं यात अर्धा वेळ जातो. म्हणून सोबतच्या कार्यकर्त्याला एक प्रश्न शिकवा: "काकू, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?" बस. काकू पुढे स्वतः बोलतात, आणि बोललेला माणूस ऐकलेल्यापेक्षा जास्त लक्षात ठेवतो. परत आल्यावर काकू काय म्हणाल्या ते कार्यकर्त्याकडून लिहून घ्या, तुमच्या सगळ्या पोस्टचा कच्चा माल त्यातूनच येणार आहे. एसीत बसून कॅप्शन सुचत नाहीत, त्या दारात सुचतात.

जानेवारीत निवडणूक आली तर हळदीकुंकवाचे कार्यक्रम जोरात असतात. तिथे बोलायला हरकत नाही पण आचारसंहितेत वाण वाटलं तर तो मतदाराला वस्तू देण्याचा प्रकार होतो, आणि त्याचा फोटो काढून समोरचा तक्रार करणार म्हणजे करणार.

रिक्षाच्या भोंग्याचा मजकूर अठरा-वीस सेकंदांपेक्षा लांब नको. रिक्षा चालत असते, दाराशी उभ्या माणसाला तिचा तेवढाच तुकडा कानावर पडतो. नाव, चिन्ह, ते एक वाक्य, मतदानाची तारीख. गाणं लावायचं तर चाल ओळखीची आणि शब्द कमी, आणि ती चाल कुणाच्या मालकीची आहे ते आधी विचारा. भोंग्याची वेळ सकाळी सहा ते रात्री दहा, परवानगीचा कागद रिक्षातच पाहिजे. शाळा-दवाखान्यासमोर आवाज बंद करायला ड्रायव्हरला बजावून सांगा, नाहीतर तुमचा प्रचार राहतो बाजूला आणि शिव्या मिळतात.

कोपरा सभा मला स्वतःला मोठ्या सभेपेक्षा आवडते. चाळीस-पन्नास माणसं, एक टेबल, एक स्पीकर, वीस मिनिटं. मोठ्या सभेला माणसं आणावी लागतात, कोपरा सभेला खिडकीतून पण ऐकतात. वक्त्याला सांगा की पहिलं वाक्य त्या कोपऱ्याचं असू दे, "या बोळात गेल्या पावसात पाणी घुसलं होतं" असं, देशाच्या राजकारणावर नंतर या.

फ्लेक्स आणि पत्रकं. फ्लेक्सवर पंधरा शुभेच्छुकांचे फोटो लावायची आपली परंपरा आहे, त्याने पंधरा घरं खूश होतात आणि रस्त्यावरच्या माणसाला काहीही वाचता येत नाही. पन्नास फुटांवरून चालत्या स्कूटरवरून चिन्ह दिसतंय का एवढंच बघा. महानगरपालिकेची परवानगी घ्या, परवानगीचा नंबर फ्लेक्सवर टाका. भिंत रंगवणार असाल तर मालकाची लेखी संमती, कारण महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे.

पत्रकाबद्दल एक नियम तोंडपाठ करा: मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापल्याशिवाय एकही पत्रक प्रेसमधून बाहेर पडायला नको. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-क. प्रकाशकाने सही करून घोषणापत्र द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, आणि छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हा प्रशासनाकडे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा लोकसभा-विधानसभेचा, स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याचे स्वतःचे आदेश असतात, पण पत्रकावर नाव-पत्ता तिथेही मागतातच. निनावी पत्रक रात्री दाराखालून सरकवणारे असतात, तुम्ही त्यात पडू नका.

पायरी ४. पेपर

"आता पेपर कोण वाचतं" असं म्हणणारा माणूस निवडणुकीत काम केलेला नसतो. वाचणारे कमी झालेत हे मान्य, पण जे वाचतात ते दहा जणांना सांगतात, आणि बातमीचं कात्रण फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरतं तेव्हा त्याला जी किंमत असते ती तुमच्या डिझाइनला नसते. पेपरात आलंय म्हणजे कुणीतरी तिसऱ्याने बघितलंय, असा लोकांचा हिशोब असतो.

जिल्हा आवृत्ती, तालुक्याचं पान, वार्ताहर ही साखळी समजून घ्या. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा पूर्णवेळ पगारी नसतो, त्याचं दुसरं काही काम असतं आणि जाहिराती आणायची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात असते. त्यामुळे त्याच्याशी बोलताना त्याचा वेळ वाचवा. मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये), मेसेजमध्येच टाइप केलेला. लेटरहेडवरचा फोटो किंवा पीडीएफ पाठवलीत तर त्याला परत टाइप करावं लागतं आणि तो नाही करत. तालुक्याची पानं लवकर लागतात, सायंकाळी चार-पाचच्या आत पाठवा. फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे ते लिहा. फोटोत माणसं पाचच ठेवा.

प्रेसनोटची पहिली ओळ साधारण अशी येते: "प्रभागाचे लाडके, धडाडीचे, युवकांचे प्रेरणास्थान असलेले उमेदवार यांनी काल झंझावाती प्रचारफेरी काढून नागरिकांच्या समस्या जाणून घेतल्या." यात बातमी कुठाय? उपसंपादक हे सगळं कापतो, आणि कापल्यावर उरतच नाही काही म्हणून टोपलीत जातं.

तीच नोट अशी लिहा: "प्रभागातील तीन सोसायट्यांना चार दिवसांआड पाणी मिळत असून पाण्याची वेळ आधी कळवली जात नाही, अशी तक्रार रहिवाशांनी रविवारी प्रचारफेरीदरम्यान मांडली. निवडून आल्यास पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक प्रत्येक सोसायटीत लावू, असे आश्वासन उमेदवारांनी दिले." दोन वाक्यं. कोण, कुठे, कधी, काय. विशेषणं शून्य. हे जसंच्या तसं लागतं, कारण त्याला हात लावावा लागत नाही.

आता पॅकेजचं. हे नवीन माणसाला कुणीतरी चहा पीत पीत हळूच सांगतं, "एवढे दिले की रोज एक बातमी, शेवटी अर्धं पान मुलाखत." २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या पेड न्यूजवर देशभर गदारोळ झाला होता, वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द एकच मजकूर बातमी म्हणून छापून आलेला सापडला होता, आणि पुढे २०१० मध्ये प्रेस कौन्सिललाही त्यावर अहवाल करावा लागला. तेव्हापासून माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समित्या पेपर बारकाईने बघतात, बातमी पेड ठरली तर तिचा जाहिरातीच्या दराने हिशोब करून खर्च उमेदवाराच्या खात्यात टाकतात. जाहिरात द्यायची तर उघड जाहिरात म्हणून द्या, खर्चात दाखवा. आणि खरं सांगू, वाचक पॅकेजची बातमी लगेच ओळखतो, विशेषणांवरूनच ओळखतो.

पायरी ५. टीव्ही, केबल, यूट्यूबवाले

थोडक्यात सांगतो. मोठं न्यूज चॅनेल तुमच्या वॉर्डात येणार नाही, आलंच तर भांडण झाल्यावर येईल. लोकल केबल आणि यूट्यूब पोर्टलवाले मात्र येतात, बूम म्हणजे माइक समोर धरतात. उमेदवाराला बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, वीस सेकंदांत संपवायची सवय लावा, कारण लांब बोललं तर कुठलं वाक्य ठेवायचं ते एडिटर ठरवतो आणि तो नेमकं घसरलेलं वाक्य ठेवतो. मागे काय दिसतंय ते बघा, पाण्यावर बोलताना मागे रिकामी पिंपं असू देत.

केबल-टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी प्रमाणपत्र लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आदेशापासून. लोकसभा-विधानसभेला नोंदणीकृत पक्षाने प्रसारणाच्या तीन दिवस आधी अर्ज करायचा, बाकीच्यांनी सात दिवस आधी. केबलवर खाली पट्टी फिरवणं ही पण जाहिरातच.

पायरी ६. व्हॉट्सॲप, म्हणजे खरा कारखाना

इथे नवीन माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे मतदारांचे नंबर मिळवून "विजयी संकल्प प्रभाग अमुक" नावाचा ग्रुप बनवतो आणि हजार लोकांना न विचारता त्यात ओढतो. पहिल्या तासात दोनशे लेफ्ट होतात, उरलेले म्यूट करतात, एक जण गुटख्याची जाहिरात टाकतो आणि समोरच्या पार्टीचा माणूस आत बसून सगळं वाचत असतो.

त्याऐवजी हे समजून घ्या. कार्यकर्त्यांचा ग्रुप वेगळा, फक्त ॲडमिन बोलणार, दिवसाला तीन-चार मेसेजच्या वर नाही. मतदारांपर्यंत जायचं ते कार्यकर्त्याच्या स्वतःच्या ओळखीतून: भावकी, मंडळ, बचतगट, दहावीची बॅच, सोसायटी. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरायची असेल तर एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे उमेदवाराचा नंबर लोकांच्या फोनमध्ये सेव्ह करून घेणं हेच आधीचं काम, ते घरोघरी फिरतानाच करायचं. म्हणून म्हटलं पायाने जाणारी माध्यमं आधी.

फॉरवर्डचं गणित पण बघा. भारतात २०१८ पासून एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येतं, आणि खूप वेळा फिरलेल्या मेसेजवर डबल बाण येतो आणि तो २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. डबल बाण बघितला की आता माणसं पण "हं, फॉरवर्ड" म्हणून पुढे जातात. म्हणून एकच तयार मेसेज सगळ्यांना ढकलायला लावण्यापेक्षा मुद्दा द्या आणि कार्यकर्त्याला त्याच्या भाषेत टाइप करू द्या. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल, बरंच होईल.

सोसायटीच्या ग्रुपवर "राजकीय पोस्ट टाकू नये" असा नियम असतो. तो मोडू नका. तिथे पाण्याबद्दल बोलता येतं:

"नमस्कार, आज आपल्या विंगला पाणी पहाटे साडेचारला येऊन पाचला गेलं. कुणाकुणाला मिळालं नाही ते फ्लॅट नंबर टाका, उद्या पाणीपुरवठा ऑफिसला जाऊन लेखी देतोय."

यात चिन्ह नाही, पक्ष नाही, फोटो नाही. पण हे टाकणारा माणूस कुणाचा आहे ते सगळ्यांना माहितीय, आणि तो दुसऱ्या दिवशी खरंच लेखी देऊन पोचपावतीचा फोटो टाकतो तेव्हा प्रचार झालेला असतो. नुसतं बोलून पोचपावती आली नाही तर मात्र उलटं होतं, म्हणून देणार असाल तरच लिहा.

वयस्कर मतदारांसाठी व्हॉइस नोट, चाळीस सेकंदांची, उमेदवाराच्या खऱ्या आवाजात, मागे म्युझिक नको. वाचायचा कंटाळा येतो, चष्मा सापडत नाही, पण ओळखीचा आवाज ऐकला जातो. इमेजमध्ये बारीक अक्षरात बारा ओळी लिहिलेलं डिझाइन कुणीही झूम करून वाचत नाही, डिझाइन करणाऱ्याची आई सोडून.

पायरी ७. फेसबुक, इन्स्टा, रील

फेसबुकवर तुमच्या वॉर्डातले चाळिशीच्या पुढचे, इन्स्टावर त्यांची मुलं. रीलमध्ये पहिल्या तीन सेकंदांत ढोल-ताशा, ड्रोन आणि उमेदवार गॉगल घालून गाडीतून उतरतोय असं घेतलं की बोट वर जातं. सरळ रिकाम्या नळावर कॅमेरा ठेवा, नळ सोडा, हवा येते तो आवाज ऐकू द्या, मग उमेदवार बोलू दे. खाली मराठीत अक्षरं द्या, बसमध्ये आवाज बंद करून बघणारे खूप असतात.

रीच बघून भुलू नका. एक लाख व्ह्यू आले आणि त्यातले निम्मे नागपूरचे आणि तुमची निवडणूक इचलकरंजीत, तर काय करायचं त्याचं. पैसे देऊन बूस्ट करणार असाल तर जागा तेवढीच निवडा. मेटावर (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) राजकीय जाहिरातीसाठी भारतात २०१९ पासून ओळखपत्र देऊन परवानगी घ्यावी लागते आणि पैसे कुणी दिले ते जाहिरातीवर दिसतं, परवानगीला दिवस लागतात, म्हणून उमेदवारी अर्ज भरायच्या आधीच ते करून ठेवा. या जाहिराती मेटाच्या ॲड लायब्ररीत कुणालाही बघता येतात, खर्चाच्या अंदाजासकट. म्हणजे समोरच्याच्याही तुम्हाला दिसतात, रोज सकाळी बघत जा, तो कुठल्या मुद्द्यावर पैसा लावतोय ते फुकटात कळतं. आणि हो, सोशल मीडियाचा खर्च उमेदवाराच्या खर्चातच मोजला जातो, निवडणूक आयोगाने हे २०१३ मध्येच स्पष्ट केलंय, एडिटरचा पगार पण त्यात येतो.

पायरी ८. सगळ्या वाटा एकमेकींना बांधा

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून दोन उदाहरणं सविस्तर.

१८ ऑक्टोबर २०१९, सातारा. विधानसभेसोबत लोकसभेची पोटनिवडणूकही होती, मतदान २१ ला, जाहीर प्रचार संपायला एक दिवस. शरद पवार भाषणाला उभे राहिले आणि धो धो पाऊस आला, ते ७८ वर्षांचे, तसेच भिजत बोलत राहिले. मैदानात होते ते होते, पण भिजलेल्या माणसाचा फोटो आणि छोटी क्लिप रात्रीत महाराष्ट्रभर गेली. ते चित्र समजायला भाषणातलं एकही वाक्य लागत नव्हतं, आवाज बंद करून बघितलं तरी कळत होतं. शिवाय टीव्हीला चालेल, पेपरला चालेल, व्हॉट्सॲपला चालेल असं एकाच फ्रेममध्ये होतं. साताऱ्याची पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाच्या श्रीनिवास पाटलांनी जिंकली. पावसाने जिंकली का? तसं म्हणणारा माणूस गोष्टी सांगतोय, तिथे जमिनीवरचं गणित आधीपासून होतं. पण जमिनीवर कार्यकर्ता होता आणि त्याच्या हातात ऐनवेळी दाखवायला काहीतरी आलं, हे दोन्ही एकत्र जुळलं.

दुसरं त्याच वर्षीचं, एप्रिलमधलं. लोकसभेला मनसेचा एकही उमेदवार नव्हता आणि तरी राज ठाकरे सभा घेत होते, स्टेजवर मोठा स्क्रीन, आणि मध्येच "लाव रे तो व्हिडिओ". सरकारच्या जाहिरातीतलं मेळघाटातलं हरिसाल गाव आणि प्रत्यक्षातलं हरिसाल, असं शेजारी शेजारी. क्राफ्ट म्हणून बघाल तर अफाट होतं, सभेचं भाषण आधीच तुकड्यांत कापलेलं, प्रत्येक तुकडा व्हॉट्सॲपला तयार, चॅनेलवाले लाइव्ह दाखवतायत, पोरं तो डायलॉग कॉलेजात मारतायत. निकाल काय लागला? ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला. ज्यांच्या विरोधात व्हिडिओ लागले तेच आले. क्लिप बघून हसणारा माणूस मतदानाच्या दिवशी कुणाकडे जाणार, त्याला घरातून कोण बाहेर काढणार, त्याला बटण कुठलं दाखवणार, याची साखळी तिथे नव्हती, वक्त्याचा स्वतःचा उमेदवारच नव्हता.

तसं हे जोडकाम आपल्याकडे जुनंच आहे. टिळकांनी १८८१ ला सुरू झालेला केसरी हातात असतानाही १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव उचलून धरला, कारण पेपर वाचणारा वेगळा आणि मेळ्यातलं पद ऐकणारा वेगळा. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी आचार्य अत्र्यांचा मराठा हा पेपर अग्रलेखातून तोफ डागायचा आणि शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे गिरणगावात डफावर तेच म्हणणं पोचवायचे. मार्मिक १९६० ला निघालं आणि शिवसेना १९६६ ला, म्हणजे आधी व्यंगचित्रांचं साप्ताहिक आणि मग पक्ष.

तुमच्या वॉर्डात हे असं करा. सकाळी फेरीत एका काकूंनी सांगितलेलं वाक्य, परवानगी घेऊन, दुपारी रीलमध्ये. रहिवाशांनी पाण्याचं लेखी निवेदन दिलं त्याची संध्याकाळी प्रेसनोट. दुसऱ्या दिवशी पेपरचं कात्रण कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर. रात्री कोपरा सभेत वक्ता तेच कात्रण वर धरून दाखवतो. एका पाण्यावर चार दिवस. पाचव्या दिवशी तुम्हाला कंटाळा येईल, उमेदवाराला त्याहून जास्त येईल, आणि मतदाराने तेव्हा कुठे पहिल्यांदा ऐकलेलं असतं. विषय बदलू नका.

पायरी ९. खोटं आलं तर

ते रात्री दहानंतर येतं. जुना व्हिडिओ नवीन म्हणून, कापलेली ऑडिओ क्लिप, "अमुक यांनी माघार घेतली" असं पेपरच्या कात्रणासारखं दिसणारं डिझाइन, आणि आता एआयने बनवलेला आवाज. पहिला नियम, ती क्लिप "हे खोटं आहे" असं लिहून पुन्हा फिरवू नका, तुम्हीच तिला पाय देता. स्क्रीनशॉट, लिंक, पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ जपून ठेवा. ज्या ग्रुपमध्ये आलंय तिथेच, तिथल्याच सदस्याकडून उत्तर जाऊ दे. उमेदवाराचा स्वतः मोबाइल हातात धरून, आजची तारीख बोलून, तीस सेकंदांचा व्हिडिओ सगळ्यात लवकर पटतो. मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला पक्षांना सांगितलंय की त्यांच्या हँडलवरचा डीपफेक (एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ-आवाज) लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढायचा. दुसऱ्यांचं खोटं काढायला लावता तर आपलं पण चालणार नाही, हे टीममधल्या अतिउत्साही पोराला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, तो असतोच प्रत्येक टीममध्ये.

पायरी १०. शेवटचे दोन दिवस आणि नंतर

लोकसभा-विधानसभेला मतदान संपायच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार बंद, त्याच १९५१ च्या कायद्याचं कलम १२६. सभा नाही, टीव्हीवर प्रचार नाही, बल्क एसएमएस नाही. पेपरात मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी जाहिरात द्यायची तर ती पण आधी प्रमाणित करून. स्थानिक निवडणुकांत वेळा राज्य निवडणूक आयोगाच्या आदेशाप्रमाणे असतात, आरओ म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसमधून लेखी पत्रक आणा, "मागच्या वेळी असं होतं" यावर जाऊ नका. शेड्युल करून ठेवलेल्या पोस्ट आणि चालू बूस्ट वेळेआधी बंद करा, हे हमखास राहतं आणि तक्रार हमखास होते.

या दोन दिवसांत मीडिया टीमचं काम उलटं होतं, बोलायचं कमी आणि कळवायचं जास्त: केंद्र कुठल्या शाळेत, खोली नंबर, ओळखपत्र कुठलं चालतं. मतदानाच्या दिवशी दुपारी बूथवरून आकडा येतो आणि ज्या गल्लीतलं मतदान कमी दिसतं तिथे फोन जातो, त्या गल्लीतल्याच माणसाचा.

निकालाच्या आदल्या रात्री दोन मजकूर लिहून ठेवा, जिंकल्याचा आणि हरल्याचा, दोन्हींत मतदारांचे आभार. हरल्याचा लिहायला उमेदवाराकडे वेळ मागू नका, तो देणार नाही, तुम्हीच लिहा. नंतर फ्लेक्स उतरवा, पेजचा पासवर्ड आणि ॲडमिनचे हक्क कुणाकडे राहणार ते लेखी ठरवा, सगळी बिलं, जाहिरातींच्या पावत्या आणि मेटाचं इन्व्हॉइस खर्च बघणाऱ्याकडे द्या, कारण निकालानंतर तीस दिवसांत हिशोब सादर करायचा असतो आणि तेव्हा सगळे गायब असतात, फोन तुम्हालाच येतो.